तिकोनी खोलीतली लांब रोटी

"चूल असन त येतो," जाईबाईनं फोनवर ठणकावून सांगितलं. "नाई त तुमी तिकडं, मी इकडं. इतके वर्सं चाललं, पुढंई चालन."

आणि फोन ठेवून दिला.

धर्मपाल तायडे बराच वेळ हातातल्या फोनकडे रागानं पाहत राहिला, जणू चूक त्या फोनचीच होती. उभी हयात त्यानं एसटीची गाडी चालवली. नोकरी अमरावती डेपोत, फेरी बहुतेक घाटातून धारणीची, आणि संसार तिकडे बार्शीटाकळीला, धाकट्या भावाच्या घराला लागून. सुटी मिळाली की अकोल्याची गाडी धरायची, घरी जाऊन दोन घास सुखाचे खायचे आणि पिशवीत चिवड्याचा डबा घेऊन पुन्हा स्टेअरिंगवर बसायचं. असा सुट्यासुट्यांनी केलेला संसार. आता निवृत्ती झाली होती, अमरावतीत स्वतःचं लहानसं पक्कं घर होतं, लेक नीलम दोन गल्ल्या टाकून राहत होती. राहिलं होतं एकच, बायकोबरोबर एका छपराखाली राहणं. बाकीचे लोक हे लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून करतात. धर्मपालच्या वाट्याला ते आत्ता कुठे येऊ घातलं होतं, आणि त्यात ही चूल आडवी आली.

मग हाच का नाही गेला बार्शीटाकळीला? गेला होता की! महिनाभरही टिकला नाही. भावाची बायको सत्यभामा मोठी मायाळू, पण ती त्याला पाहुण्यांच्या कपात चहा द्यायची. सकाळ झाली की घरातला जो तो आपापल्या कामाला. जाईबाईला तर मान वर करायला फुरसत नसे. तालुक्यात कुठेही लग्न असो, नामकरण असो नाहीतर गेलेल्या माणसाचं पुण्यानुमोदन असो, लांब रोट्यांसाठी बोलावणं तिलाच. धर्मपाल दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला "जय भीम" घालायचा आणि संध्याकाळपर्यंत कंटाळून जायचा. शेवटी एके सकाळी तो चहा घेतल्या घेतल्या निघून आला.

लांब रोटी हे प्रकरण पुण्याकडच्या माणसाला सांगून पटत नाही, ते पाहावंच लागतं. पोळपाट नाही, लाटणं नाही. कणीक इतकी सैल, की नवशिक्या बाईच्या हातून ओघळून खाली यावी. तो गोळा या तळहातावरून त्या तळहातावर घ्यायचा, मग मनगटावर, मग पार कोपरापर्यंत झुलवत न्यायचा आणि रोटी चांगली हातभर लांब झाली की चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर अलगद पांघरायची. गॅसवर ती होत नाही. जाईबाईनं लेकीकडे करून पाहिली होती.

"गॅसचा जाळ मडक्याच्या टाळूलेच लागते," ती म्हणायची, "गालाले लागतच नाई. पऱ्हाटीचा जाळ पाहा, साऱ्या मडक्याले धरते."

तेव्हा चूल हवी, आणि तीही पऱ्हाट्यांची, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांची. आता धर्मपालच्या घराला अंगण म्हणजे स्कूटर उभी केली की संपलं. गच्ची होती, पण जाईबाईचे गुडघे जिना पाहूनच कुरकुरायचे, शिवाय गच्चीवरच्या वाऱ्यात जाळ एका जागी ठरत नाही. उरली जिन्याखालची खोली.

तिला खोली म्हणायचं ते आपलं बोलायची पद्धत म्हणून. प्लॉटच रस्त्यानं तिरका कापलेला, त्यामुळे घराच्या मागच्या टोकाला समोशाच्या आकाराची जागा शिल्लक राहिली होती. डावीकडून जिना उतरत आलेला, म्हणून त्या बाजूचं छत डोक्याला लागायचं. उजवीकडे बैठकीची भिंत. समोरची बाहेरची भिंत, तीही वाकडी. दार आत उघडलं की खोली संपली. आत कूलरच्या जुन्या जाळ्या, एक पंक्चर टायर आणि शिडी एकमेकांना टेकून उभ्या होत्या. इथे चूल काय, मांजरही धड आडवं होणार नाही, असं कुणीही म्हणालं असतं.

धर्मपाल म्हणाला, "होते."

"बाबा, पण कशी?" नीलमनं विचारलं. ती बँकेत कामाला, तिला सगळ्याचा हिशोब आधी लागायचा.

"सेमाडोहच्या घाटात समोरून ट्रक आला, त मी गाडी कशी काढत होतो? जागा डोयानं मोजाले लागते बाई, टेप नंतर."

घर बांधलं त्या नत्थुजी गवंड्यालाच बोलावलं. नत्थुजी कामाचा चांगला, पण वाद घातल्याशिवाय त्याच्या हातून वीट खाली ठेवली जात नसे. त्यानं खोलीत डोकं घातलं, जिन्याला आपटून बाहेर काढलं आणि पहिलंच वाक्य बोलला, "चूल आग्नेयेले पायजे."

"आमच्यात आग्नेय-फाग्नेय नाई," धर्मपाल म्हणाला. "चूल पायजे तिथं, जिथून धूर जाईन."

"धूरई आग्नेयेतूनच चांगला जाते."

"तुमच्या आग्नेयेत जिन्याची शेवटची पायरी हाय, नत्थुजी. तिथं चूल मांडली त स्वयंपाक पोटावर झोपून करा लागन."

असं पहिल्या दिवसापासून सुरू झालं ते पार आठवडाभर चाललं. फरशीवर खडूनं चूल काढायची, पुसायची, पुन्हा काढायची. समोरच्या भिंतीला लावली तर पऱ्हाट्या आत सारायला जागा नाही, कारण पऱ्हाटी असते पुरुषभर लांब. दाराजवळ घेतली तर दार लागत नाही. नीलमनं तोडगा काढला, की दारच काढून टाकायचं. नत्थुजीनं त्याच्यावर तोडगा काढला, की बाहेरच्या भिंतीला खाली भोक पाडायचं आणि पऱ्हाट्या गल्लीतून आत सरकवायच्या. धर्मपालला हे फार आवडलं. पण गल्लीतून जाणारं एखादं पोरगं ती पऱ्हाटी ओढून पळालं तर, असं नीलमनं विचारलं, आणि मग पऱ्हाट्या तोडून ठेवायच्या असं साधंसं ठरलं. दार मात्र गेलंच.

खरी मारामारी धुराची. बिनधुराची चूल, पत्र्याचा पाइप, हे नीलमनं मोबाईलवर पाहून ठेवलं होतं. पण पाइप काढायचा कुठून? सरळ वर जिना. डावीकडून काढला तर टाकीच्या प्लास्टिकच्या नळाला चिकटून जातो, नळ वितळायचा. शेवटी बाहेरच्या भिंतीतून आडवा काढून मग वर न्यायचा ठरला. त्यावर शेजारच्या रुख्मिणीबाईंनी आपल्या गच्चीवरून बजावलं, "तायडेभाऊ, माह्या कुरड्या वाळून राहिल्या. त्याईले धुराचा वास लागला त तुमाले अन् तुमच्या चुलीले पाहून घेईन!" म्हणून पाइप त्यांच्या कठड्याच्याही वर चढला आणि त्याच्यावर पत्र्याची टोपी बसली. हवा ओढते की नाही हे पाहायला धर्मपालनं पाइपाच्या तोंडाशी उदबत्ती धरली. धूर सुरकन आत गेला. त्यानं ती सगळ्या गल्लीला बोलावून पुन्हा दाखवली. उदबत्तीचा पुडा संपला.

आता फक्त बसायची जागा मोजायची राहिली होती. जाईबाई नातवाच्या वाढदिवसाला लेकीकडे आली, तेव्हा धर्मपालनं तिला सरळ खोलीत नेऊन खडूच्या चुलीपुढे पाटावर बसवलं.

"हालू नको," तो म्हणाला आणि टेप काढला.

जाईबाई हसत मांडीवर हात ठेवून बसली. नवऱ्यानं तिच्या गुडघ्यापासून भिंत मोजली, पाठीमागे मोजलं, डोक्यावर जिना मोजला. डावीकडे वीतभर, उजवीकडे वीतभर. त्याचा चेहरा खुलत गेला.

"अवो, पण—" जाईबाई बोलू लागली.

"पण नाई अन् बिण नाई. हालली त माप चुकते."

"मी म्हणतो का रोटी—"

"मले नको शिकवू जाई. अख्खी गाडी दोन झाडांच्या मधात घातली हाय म्या."

जाईबाई पाटावर ताठ बसून राहिली. आपल्यासाठी हा माणूस गुडघ्यावर रांगून टेप लावतो आहे याचंच तिला इतकं कौतुक वाटलं, की बाकीचं बोलणं ती गिळून टाकून दुसऱ्या दिवशी गावी परत गेली.

नत्थुजीनं विटांची चूल रचली, मातीनं लिंपली, वाळवली. आणि मग धर्मपालला धीर कुठला? त्यानं रविवारचं आमंत्रण देऊन टाकलं. नीलम, जावई अनुप, नत्थुजी आणि त्याची बायको, रुख्मिणीबाई, डेपोतले दोघेतिघे. वांग्याची भाजी नीलमच्या गॅसवर शिजून आली. जाईबाई बार्शीटाकळीहून एसटीनं आली ती आपलं मडकं लुगड्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन. कंडक्टरनं विचारलं, त्याचं तिकीट काढायचं का? ती म्हणाली, "काढा ना, माह्या बाजूले बसवतो त्याले."

तिनं चूल पाहिली, तिच्यावरून हात फिरवला, पोतेरं दिलं. मग पऱ्हाटी पेटवली. जाळ लागला आणि धूर असा गुपचूप पाइपात शिरला, की बैठकीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाहेरून रुख्मिणीबाईंच्या यजमानांनी ओरडून सांगितलं, टोपीतून निघून राहिला! धर्मपालची छाती सदऱ्यात मावेना. "चूल कुठंय, ते नाकाले समजते का पाहा," तो एकेकाला सांगत फिरू लागला.

जाईबाईनं कणकेचा गोळा उचलला. या हातावर, त्या हातावर. गोळ्याची पोळी झाली, पोळी मनगटावर आली, तिनं सवयीनं हात फाकवले आणि उजवं कोपर खाड्कन भिंतीवर आपटलं. डावा हात वर गेला तो जिन्याला लागला. रोटी हवेत गिरकी घेऊन बैठकीच्या भिंतीवर आतल्या बाजूनं जाऊन चिकटली आणि तिथेच राहिली.

जाईबाईनं दुसरा गोळा घेतला, कोपरं अंगाशी आवळून धरली. झाली ती रोटी नव्हती, जाड फुलका होता. तिसरी राखेत पडली.

"माय, जरा लहान-लहान केल्या तर?" नीलम हळूच म्हणाली.

"मंग लांब काहून म्हणाच्या?"

ती रागानंही बोलली नाही. तिनं पऱ्हाटी मागे ओढली, जाळ कमी केला आणि पाटावरून उठली. "राहू द्या. तुमी लय केलं. पण इथं माहे हात बसत नाई. मी उद्याच्या गाडीनं जातो."

दाराच्या चौकटीला धरून धर्मपाल भिंतीवर चिकटलेल्या त्या रोटीकडे पाहत राहिला. सगळं त्याला एकदम कळलं आणि आपल्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. त्यानं बाईला बसवून मोजलं होतं. हालू नको म्हणाला होता. ती बोलायला गेली तर तोंड मिटवलं होतं.

"च्यामायला," तो मोठ्यानं म्हणाला, "गाडी उभी कराची जागा मोजली म्या. वळवाची मोजलीच नाई!"

डेपोतले लोक पोट धरून हसले. धारणीच्या वळणांवर जन्म घालवलेल्या माणसानं वळण विसरावं! धर्मपालला मात्र हसू येईना. जाईबाई पदरानं कोपर चोळत होती, आणि उद्याची गाडी कितीची आहे, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं.

मग सगळे एकदम बोलू लागले. अनुप म्हणाला, चूल फिरवा. नत्थुजी म्हणाला, फिरवली तर पाइप चुकतो, आणि आग्नेयेला असती तर ही वेळच आली नसती. रुख्मिणीबाई म्हणाल्या, जिना काढा. तेवढ्यात नत्थुजीनं उजवीकडच्या भिंतीवर बोटांनी टकटक केलं.

"हे नुसती आडोशाची भिंत हाय. चार इंची. हिच्यावर वजन काईच नाई."

बोलला आणि त्यानं लगेच बोटं मागे घेतली, कारण त्या भिंतीच्या पलीकडे काय आहे ते त्याला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. बैठकीतली ती भिंत धर्मपालची. मधोमध मोठा टीव्ही, वर निवृत्तीच्या दिवशीचा हारातला फोटो, बाजूला विनाअपघात सेवेची लाकडी ढाल. घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो आधी त्या भिंतीसमोर उभा करायचा आणि ढाल वाचून झाल्याशिवाय चहा सांगायचा नाही.

धर्मपाल बैठकीत गेला. त्यानं ढाल उतरवली, फोटो उतरवला, दोन्ही पलंगावर ठेवले. अनुपला म्हणाला, "टीव्ही धर." टीव्ही उतरला. मग खिशातून खडू काढून तो परत खोलीत आला आणि जाईबाईच्या पुढ्यात बसला.

"बस एकदा पाटावर."

"काहून?"

"बस त खरी. अन् आता हाल. जितकं हालाचं तितकं हाल. मी एक शब्द बोलत नाई."

जाईबाईनं त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हा माणूस 'मी बोलत नाई' असं पहिल्यांदाच बोलला होता. ती बसली, पाट वीतभर उजवीकडे ओढला, रिकाम्या हातांनी रोटी झुलवायला लागली. डावा हात आता जिन्याखालून मोकळा निघत होता. उजवा भिंतीला थटला, की धर्मपाल तिथे खुणेची रेघ ओढायचा. कोपर इथे, मनगट इथे, अन् रोटी वळते ती इथे. भिंतीवर खिडकीएवढा वेडावाकडा चौकोन तयार झाला.

"मांग पायजे अजून जरा," ती म्हणाली.

"बोल. किती?"

"चार बोटं."

"सहा घे."

नत्थुजीनं छिन्नी पुढे केली, पण पहिला घाव धर्मपालनंच घातला. चुलीवर, कणकेवर आणि मडक्यावर गोणपाटं टाकली होती. विटा पडत गेल्या, बैठकीत लाल धूळ उडाली, रुख्मिणीबाईंनी वांग्याच्या भाजीवर परात पालथी घातली. नत्थुजीनं काठ साफ केले. नीलम झाडत होती आणि हसत होती, तिला आवरतच नव्हतं.

पऱ्हाटी पुन्हा पेटली. बैठकीत सगळे भिंतीकडे तोंड करून बसले. जिथे कालपर्यंत टीव्हीवर बातम्या लागत, तिथून आज एक बांगड्यांचा हात बाहेर आला. कोपरापर्यंत. त्याच्यावर पांढरीशुभ्र, लांबच लांब, थरथरणारी रोटी. हात एक क्षण लोकांमध्ये राहिला, झोका दिल्यासारखा वळला आणि आत गेला. मडक्यावर रोटी पडल्याचा आवाज झाला. जाईबाई आतून विचारत होती, "थटली का कोणाले?"

"नाई!" सगळी बैठक ओरडली.

हात पुन्हा आला. पुन्हा गेला. दर वेळी लोक वाहवा करत होते. डेपोतला एक जण म्हणाला, इतकं चांगलं तुमच्या टीव्हीवर कधीच लागलं नव्हतं. रोट्या दाराकडून फिरवून आणायचीही गरज उरली नाही. भाजली की जाईबाई ती घडी करून त्या भगदाडातूनच पुढे करायची आणि ज्याचं ताट जवळ तो घ्यायचा. नत्थुजीनं पहिला घास खाल्ला आणि वास्तुशास्त्रावर काहीच बोलला नाही.

धर्मपाल भगदाडाला टेकून खाली बसला होता. त्याला भूक नव्हती. तो कान देऊन बसला होता, उद्याच्या गाडीचं काय होतं ते ऐकायला. विचारायची छाती होत नव्हती. घाटात कधी वाटली नाही एवढी भीती त्याला त्या चार इंची भिंतीशी बसून वाटत होती.

आत फोन वाजला. सत्यभामेचा. पोचल्याचं कळवलं नाही म्हणून तिनं केला असावा.

"पोचलो वो," जाईबाईचा आवाज आला. हात चालूच होते, फोन खांदा आणि कान यांच्यात दाबून धरलेला असणार. "हो, चूल चांगली हाय. आयक सत्यभामा. माही तिकडची चूल हाय ना, ते सारवून घे. तुही झाली ते. त्याच्यावर तुहं मडकं ठेव." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाई, मजाक नाई करत. मी आता इथं राह्यतो."

आमच्याकडे बाई आपला दागिना देईल, लुगडं देईल, पण मांडलेली चूल दुसरीला देत नाही. ती दिली म्हणजे त्या घरातलं आपलं बसणं उठवलं. हे धर्मपालला कुणी समजावून सांगायला नको होतं. त्याचे डोळे भरून आले, आणि धूर गेला डोळ्यांत, असंही म्हणायची सोय त्यानं स्वतःच ठेवली नव्हती.

भगदाडातून हात आला. "धरा. थंडी होते."

त्यानं रोटी धरली आणि तिच्याबरोबर मनगटही धरलं, बांगड्यांसकट.

"सोडा वो. लोक पाहून राहिले."

"पाहू दे."

"अवो, मडक्यावर एक हाय!"

"असू दे."

ती रोटी करपल्याचा वास बैठकीत आला, तेव्हा कुठे त्यानं हात सोडला.